टेलिग्रामच्या ग्रुपवर घरचे कॅमेरे: आठ महिन्यांचा अनुभव

कोपरखैरण्यातील आमच्या रो-हाऊसला तीन कॅमेरे आहेत: एक फाटकावर, एक मागच्या बोळात आणि एक आतल्या जिन्यावर. त्यांच्या सूचना घरच्या ग्रुपवर याव्यात, ही व्यवस्था मी जानेवारीत केली. घरातले सगळे व्हॉट्सॲपवर असूनही टेलिग्राम निवडले, कारण तिथे स्वतःचा बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारे खाते, अधिकृतपणे आणि विनामूल्य तयार करता येतो. बॉटफादरकडून (बॉट तयार करून देणारा टेलिग्रामचाच बॉट) टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, घेणे, बॉटला ग्रुपमध्ये सामील करणे आणि ग्रुपचा चॅट आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, शोधणे, एवढे काम तासाभरात झाले. कॅमेऱ्यांचे चित्रण आरटीएसपीद्वारे (नेटवर्कवरून थेट चित्रण पाठवण्याची पद्धत) एका जुन्या मिनी पीसीवरील फ्रिगेट या चित्रणातली माणसे-वस्तू ओळखणाऱ्या प्रणालीकडे जाते आणि तिथून होम असिस्टंट या घरातली उपकरणे जोडणाऱ्या प्रणालीमार्फत छायाचित्र ग्रुपवर पडते.

खरी कसोटी त्यानंतर लागली. सुरुवातीला मी कोणत्याही हालचालीवर सूचना लावली होती. परिणामी मांजर, झाडाची सावली आणि रिक्षाचे दिवे यांची छायाचित्रे रात्रभर येत राहिली, आणि आठवड्याभरात पत्नीसकट सर्वांनी ग्रुप म्यूट केला, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मग केवळ माणूस ओळखला गेला तरच, तोही फाटकाच्या आत आला तरच, आणि एकदा सूचना गेल्यावर पुढची पाच मिनिटे काहीही नाही, अशी बंधने घातली. आता दिवसाला सात-आठ संदेश येतात आणि ते पाहिले जातात.

एका चुकीची मात्र सर्वांनी नोंद घ्यावी. डोंबिवलीच्या भावाला ग्रुपमध्ये घेताना, त्याला मागचे संदेशही दिसावेत म्हणून मी तशी सेटिंग बदलली. त्यामुळे साधा ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपसाठीचा प्रकार) झाला, त्याचा चॅट आयडी बदलून उणे शंभरने सुरू होणारा नवा क्रमांक आला, आणि जुन्या क्रमांकावर पाठवलेले सारे संदेश वाया गेले. चार दिवस ग्रुप शांत होता आणि आम्ही ती शांतता सुरक्षितता समजत होतो! तेव्हापासून रोज सकाळी सातला तिन्ही कॅमेऱ्यांचे एकेक छायाचित्र येते. ते आले नाही तर काहीतरी बिघडले आहे, हे आईलाही कळते. वीज गेल्यावर राउटर आणि मिनी पीसी इन्व्हर्टरवर चालतात, परंतु इंटरनेटच बंद पडले तर उपाय नाही.

टेलिग्रामच्या ग्रुपमधील संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) नसते, म्हणून सकाळचे, आम्ही उठण्यापूर्वीच्या रिकाम्या जिन्याचे छायाचित्र सोडले, तर जिन्यावरच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र घरी कोणी नसतानाच बाहेर जाते. शेजाऱ्यांच्या दाराचा भागही मी झाकून टाकला आहे.

पावसाळ्यात लेन्सपुढे कोळ्याने विणलेले जाळे रात्रीच्या अवरक्त प्रकाशात पांढरेशुभ्र चमकते आणि फ्रिगेटला दोनदा ते चक्क माणूस वाटले. दर रविवारी फडके फिरवणे हाच इलाज. याउलट, छत्री घेऊन आलेला खरा माणूस, कॅमेरा फार उंचावर असल्यामुळे, फ्रिगेटला अनेकदा ओळखताच येत नाही. दिवाळीपूर्वी फाटकावरचा कॅमेरा दोन फूट खाली घेणार आहे.