मेलाटोनिनच्या ३ मिग्रॅ गोळ्या: माझा रिव्ह्यू
रात्रपाळीमुळे झोपेचं गणित पार बिघडलेलं म्हणून डॉक्टरांना विचारून सुरू केल्या, आणि खरंच फरक पडला, पण हे झोपेचं औषध समजून घेऊ नका कारण ही झोपेच्या गोळीसारखी जोरदार गुंगी आणत नाही, मेंदूतली पिनियल ग्रंथी अंधार पडला की हेच हार्मोन सोडते आणि शरीराला कळतं की रात्र झाली, गोळी तेवढाच निरोप देते. त्यामुळे वेळ महत्त्वाची, झोपायच्या तासभर आधी घ्यायची. आणि गोळी घेऊन मोबाईल बघत बसलात तर काय उपयोग, निळ्या प्रकाशाने शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन दबतं ना! जास्त डोस नकोच, सकाळी डोकं जड होतं. जेट लॅगवाल्यांनी (लांबच्या विमानप्रवासाने झोपेचं घड्याळ बिघडलेल्यांनी) जरूर विचार करावा.