ऑईल फिल्टरच्या आट्यांच्या नावाखाली ३८,८५० रुपये लुबाडले, जुनी स्पोर्ट्स कार असेल तर वाचाच

सगळं सविस्तर लिहितोय कारण इंजिन दुरुस्तीवाला हा माणूस अजून धंदा करतोय, आणि जुन्या गाड्यांवर जीव लावणाऱ्यांनाच गाठतोय. आपली गाडी वाचावी म्हणून आपण काहीही द्यायला तयार असतो हे त्याला पक्कं माहीत आहे.

माझी दोन सीटर जुनी आहे, पार्ट सहज मिळत नाहीत. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी चुकीचा फिल्टर दाबून चढवला होता. गाडीचा स्टड (इंजिनमधली आटे असलेली पोकळ नळी, जिच्यावर फिल्टर फिरवून बसतो) २० मिलिमीटरचा, दीडच्या पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर), आणि फिल्टर पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांचा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि त्याचा पिच जवळपास १.५९, म्हणजे दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरकच दिसत नाही. पान्याने जोर लावला की स्टडचे आटे चिरडतात. उलटं झालं, म्हणजे पाऊण इंची स्टडवर २० चा फिल्टर, तर ते आणखी वाईट, कारण तो घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि प्रेशर आलं की निसटतो. फिल्टर विकत घेताना नुसता आकार बघू नका, आट्यांचं माप डब्यावर वाचा!!

तर आटे गेले म्हणून मी हा 'जुन्या इंजिनांचा स्पेशालिस्ट' शोधला. फोटो भारी, बोलणं त्याहून भारी. त्याने जे सांगितलं ते खरं होतं, आणि राग त्याचाच येतो. तो म्हणाला, "साहेब, फिल्टरच्या कडेच्या भोकांतून तेल आत जातं आणि गाळून मधल्या स्टडमधून थेट मेन गॅलरीत, म्हणजे तेलाच्या मुख्य वाटेत जातं. तिथे टॅप मारला, म्हणजे नवे आटे कापले, आणि चुरा आत पडला तर तो गाळायला पुढे काहीच नाही, सरळ क्रँकच्या बेअरिंगवर." शंभर टक्के बरोबर! मी आधी वाचलेलंच होतं, म्हणून विश्वास बसला. मग तो म्हणाला की याच कारणासाठी इंजिन उतरवून ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, मशीनवर घ्यावा लागेल आणि आत स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, बसवावा लागेल. ही मात्र थाप होती. पण खऱ्याला चिकटून आलेली थाप कशी ओळखायची सांगा.

इन्सर्ट किटचा ॲडव्हान्स १४,५००. ब्लॉक उतरवणं आणि मशीनिंग १८,०००. तेल, फिल्टर, मजुरी ६,३५०. एकूण ३८,८५०, सगळे ऑनलाईन पाठवले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा पडेल, कशाला वाढवताय" म्हणाला आणि साध्या कागदावर लिहून दिलं. बिलाशिवाय पैसे सोडू नका, जीएसटीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता ती जागा, जी आठवली की अजून झोप उडते. गाडी घ्यायला गेलो, बॉनेट उघडलं. इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या बोल्टांवर जुन्या तेलाची आणि धुळीची काळी साय जशीच्या तशी होती. एकाही बोल्टच्या कोपऱ्यावर पान्याचा चमकता ओरखडा नाही. इंजिन खाली उतरलं असतं तर ते बोल्ट सुटले असते, सुटले असते तर धूळ मोडली असती, एवढं साधं आहे ते. मी बोट लावून बघितलंही, काजळी बोटाला आली, आणि मी विचारलं, "हे बोल्ट उघडलेले दिसत नाहीत?" तो हसून म्हणाला, "आम्ही खालून सबफ्रेमसकट, म्हणजे इंजिनखालच्या चौकटीसकट उतरवतो साहेब, ते बोल्ट हलवावेच लागत नाहीत." तिथेच थांबायला हवं होतं, तिथेच सबफ्रेमचे बोल्ट दाखव म्हणायला हवं होतं. पण काही गाड्यांचं इंजिन खरंच तसं उतरवतात. गाडी चालू होती, प्रेशरचा काटा बरोबर होता, खाली एक थेंब नव्हता. अशा वेळी समोरच्याला चोर म्हणायला कुणाची जीभ रेटेल? ज्यांना वाटतं 'आम्हाला लगेच कळलं असतं' त्यांनी स्वतःला त्या जागी उभं करून बघावं.

थंड इंजिन सकाळी चालू केलं की तेल जाड असतं, प्रेशर सगळ्यात जास्त तेव्हाच चढतं. गाडी घरी आणल्यावर तसंच झालं, फिल्टर एका बाजूने उचलला गेला आणि तेलाची धार थेट जमिनीवर. लाल दिवा पेटायच्या आत मी चावी फिरवली म्हणून बेअरिंग वाचले. हिशोब करा, फिल्टरच्या रबराच्या आतला व्यास साधारण ६२ मिलिमीटर धरला तर ५ बारला दीडशे किलोच्या वर जोर त्या डब्याला बाहेर ढकलत असतो. आणि ते सगळं धरून काय होतं माहितीये?

दुसऱ्या लेथवाल्याने फिल्टर काढला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. जुनाच स्टड. चिरडलेले आटे कानशीने घासलेले, त्यावर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप, आणि बुडाशी दोन ट्यूब मिसळून लावतात ती राखाडी पुट्टी, वरून काळा रंग. त्या टेपचा एक धागा स्टडच्या भोकात, म्हणजे ज्या वाटेने तेल बेअरिंगला जातं तिथे, लोंबत होता. चिमट्याने ओढला तर बोटभर निघाला. चुऱ्याची भीती घालणाऱ्यानेच हे केलं!

आणि खरं काम किती होतं? आमच्या इंजिनात तो स्टड ब्लॉकमध्ये फिरवून बसवलेला सुटा पार्ट आहे. आतून ॲलन की लावून, थोडी ऊब देऊन तो निघाला, ब्लॉकचे आटे धडधाकट होते, नवीन स्टड लॉकिंग लिक्विड लावून बसवला. काहीही कापावं लागलं नाही म्हणजे चुऱ्याचा प्रश्नच नाही. ऑईल चेंबर उघडून साफ करण्यासकट ४,२०० रुपये. कुणी इन्सर्ट म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारा, स्टड सुटा निघतो का?

आता तक्रारीचं. पोलिसांनी कागद वाचायच्या आधीच 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून सांगितलं. मी टेप, पुट्टी, स्टड पिशवीत घालून नेलं होतं, साहेबांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही, वर मलाच विचारलं की एवढी जुनी गाडी ठेवता कशाला. अहो, न केलेल्या मशीनिंगचे १८,००० घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, व्यवहार वैध आहे. विमावाले म्हणतात अपघात नाही, मेकॅनिकल बिघाड पॉलिसीत बसत नाही. ग्राहक तक्रार ऑनलाईन टाकली तर समोरच्याने 'काम पूर्ण केले, ग्राहक समाधानी' एवढं उत्तर दिलं आणि तक्रार बंद, मला फोन करून विचारायचे कष्टही नाहीत! परत उघडायला गेलो तर पक्कं बिल जोडा म्हणतात. पक्कं बिल देत नाही हीच तर तक्रार आहे ना! प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं आणि तो तिकडे नवीन गाड्यांचे फोटो टाकतोय.

जुने काढलेले पार्ट नेहमी मागून घ्या, माझ्याकडे तो स्टड आहे म्हणून निदान लेथवाल्याने सही करून लेखी दिलं की हा ब्लॉक मशीनवर गेलेलाच नाही. तेच जोडून आता ग्राहक आयोगात अर्ज करतोय. तुमच्याकडे कुणी साध्या कागदावर 'ब्लॉक मशीनिंग व इन्सर्ट' असं लिहून दिलं असेल तर फिल्टर उघडून बघा, पण उघडायच्या आधी माउंटिंग आणि सबफ्रेमच्या बोल्टांचे फोटो काढा, तारखेसकट. तसंच निघालं तर मला कळवा, अर्ज एकत्र करू.