सूत की मेरिनो? हातरंगी धाग्याची हलकी शाल विणण्याआधी

"अंगावर आहे हे कळू नये, पण काढून ठेवली की चुकल्यासारखं वाटावं." माझ्या म्हापशाच्या मामेबहिणीने तिला हव्या असलेल्या शालीचं वर्णन असं केलं आणि पाठोपाठ दोन फोटो धाडले. एकात हाताने रंगवलेल्या सुताच्या लड्या, पिकल्या कोकमासारख्या लालजांभळ्या. दुसऱ्यात मेरिनो लोकर, पावसाआधी मांडवी नदी दिसते तशी हिरवट निळी. "ताई, कुठल्या मागवू? शिगम्यापर्यंत झाली पाहिजे."

एकच नमुना मी दोन्ही धाग्यांत विणलेला आहे. तरी उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण प्रश्न रंगाचा नाही, हवेचा आहे. आपल्याकडे गोव्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे 20-21 अंश असतात आणि दुपारी 32-33. शाल लागते ती पहाटेच्या बसला, रात्री उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणाऱ्या देवळासमोरच्या नाटकाला आणि वातानुकूलित सभागृहाला. उरलेला दिवस ती पिशवीत चुरगळून पडणार. तेव्हा हलकी हवी, दमटपणा सोसणारी हवी आणि धुतल्यावर वाळणारीही हवी.

आधी तराजू

दोन्ही शाली मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघितल्या. नमुना तोच: मानेपासून खाली वाढत जाणारा त्रिकोण, 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई, खांब-साखळीची जाळी. धागा सुमारे 600 मीटर. मेरिनो 100 ग्रॅमला 400 मीटरची होती, तिची शाल 150 ग्रॅम भरली. सूत 100 ग्रॅमला 340 मीटरचं, त्याची 176. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, खांद्यावर नाही. सुताचा तंतू मुळातच लोकरीपेक्षा जड, शिवाय त्याला लवचिकपणा नाही. लोकरीची जाळी स्वतःला सावरून धरते, सुताची खाली ओढत राहते.

म्हणून लेबलवर "फोर-प्लाय" (चार पदरी) वाचून समाधान मानू नका. 100 ग्रॅमला किती मीटर, एवढाच आकडा बघा. सुतात 350 च्या आसपास किंवा वर मिळत असेल तर घ्या. 200-220 मीटरचं जाड सूत घेऊन केलेली शाल पाव किलोच्या वर जाते, मग ती शाल राहत नाही, चादर होते. मेरिनोत 100 ग्रॅमला 800 मीटरचा लेस धागाही येतो. त्याची शाल 90 ग्रॅमच्या आत बसते, पण विणताना डोळे आणि धीर दोन्ही लागतात. पहिल्यांदा विणणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, उसवताना धागा एकमेकांत गुंतून बसतो.

हे मीटर मोजताना आणखी एक ध्यानात ठेवा. तेवढ्याच आकाराला दोन सुयांच्या विणकामापेक्षा क्रोशाला धागा जास्त लागतो, ढोबळमानाने तिसरा हिस्सा अधिक धरावा. दोन सुयांच्या नमुन्यावरून लड्या मागवल्या तर कडेला पोचण्याआधी संपतील.

धुतल्यावर काय होतं

इथे दोघांच्या तऱ्हा अगदी वेगळ्या आहेत. मेरिनोची शाल सुईवरून उतरली तेव्हा आक्रसलेली, गोळा झालेली, कोबीच्या पानासारखी दिसत होती. शेजारच्या काकी दारातूनच म्हणाल्या, "हें कितें गो, नुस्तें धरपाचें जाळें?" (हे काय गं, मासे धरायचं जाळं?) मी ती अर्धा तास कोमट पाण्यात भिजवली, पंच्यात गुंडाळून पाणी टिपलं, गादीवर टाचण्या लावून ताणली आणि वाळू दिली. दुसऱ्या दिवशी जाळी उघडली होती, रुंदी वीतभर वाढली होती आणि टाचण्या काढल्यावरही तशीच राहिली. काकींनी मग हात लावून बघितला.

सुताला असं ताणून दिलेलं वळण फार दिवस टिकत नाही, इस्त्रीची वाफ दिली तर थोडं टिकतं. पण सूत वाढतं मात्र, आणि नको तिथे वाढतं. पहिली सुती शाल मी धुऊन सवयीप्रमाणे दोरीवर टाकली. ओल्या सुताचं वजन आणि वरून वारा. संध्याकाळी काढली तेव्हा टोक गुडघ्यापर्यंत आलं होतं. आता सतरंजीवर आडवी पसरून सावलीत वाळवते.

रोजच्या वापरात सूत निर्विवाद सोपं. शिगम्यात गुलाल उडणार, काजूच्या दिवसांत कुणाच्या तरी हातातल्या बोंडूचा रस उडणार (तो डाग तसा जन्माचाच, त्याला सूत काय नि लोकर काय), घाम येणार. सुती शाल साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढता येते. लोकर गरम पाण्यात चोळली तर घट्ट होऊन आटते आणि पुन्हा उलगडत नाही. सुपरवॉश, म्हणजे धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली, मेरिनो आटत नाही, रंगही तिच्यावर झळाळून येतो. मात्र ओली असताना ती सैल पडून लोंबते, उचलताना दोन्ही हातांनी सावरावी लागते.

टोचेल का?

लोकर म्हटलं की आपल्याला घोंगडी आठवते. देशावरच्या मेंढीची लोकर जाडीभरडी, ती मानेला टोचणारच. मेरिनोचा तंतू बहुधा 18 ते 22 मायक्रॉनचा असतो, त्यामुळे तो टोचण्याऐवजी वाकतो. तरीही मान घामेजली की काही जणांना चुरचुरतं. लडी हातात मिळाली तर गालाला नाही, मानेला मागच्या बाजूने लावून बघा, अर्धा मिनिट.

आणि "गोव्यात लोकर?" म्हणून हसणाऱ्यांना एवढंच सांगते की पातळ लोकर दमट हवेत सुतापेक्षा कोरडी वाटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. सूत रात्रीच्या दंवात गारढोण होतं आणि अंगाला चिकटतं. रात्रभर उघड्यावर बसायचं असेल तर मी मेरिनो घेईन. दुपारी घराबाहेर पडताना ती कपाटात ठेवीन.

कपाटात ठेवण्याचाही एक भाग आहेच. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात सुताला बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि लोकरीला कसर लागते. कसरीच्या अळीला घामट, न धुतलेली लोकर जास्त आवडते, म्हणून मे संपायच्या आत धुऊन, कडकडीत वाळवून, झिपच्या पिशवीत. कडुलिंबाचा पाला घाला हवा तर, पण धुण्याला तो पर्याय नाही.

रंग जातो तेव्हा

हातरंगी धाग्याची खरी परीक्षा पहिल्या पाण्यात. मी एकदा लाल सुताच्या दोन लड्या आणल्या, विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की रंग पक्का आहे. पांढऱ्या सुताबरोबर पट्टे घातले, दीड महिना विणलं आणि पहिल्याच धुण्यात पांढऱ्याचं गुलाबी झालं. कुणीतरी सुचवलं म्हणून व्हिनेगर आणि मिठात भिजवलं. काही उपयोग झाला नाही, आणि का झाला नाही ते नंतर समजलं.

लोकर आणि रेशीम रंगवायला अॅसिड रंग वापरतात. त्यांना आंबट पाणी आणि आच दोन्ही लागतात, म्हणून व्हिनेगरचं नाव तिथे येतं. सुताला रिअॅक्टिव्ह रंग, ते बसतात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, आंबटाच्या नेमक्या उलट. (पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किनला 1856 साली सापडला आणि सुताच्या तंतूला रासायनिक गाठ मारून बसणारे हे रंग बाजारात आले 1956 साली. सुताला शंभर वर्षं थांबावं लागलं.) सुताचा रंग सुटतो तो बहुतेक वेळा न बसलेला, धुऊन काढायचा राहिलेला रंग असतो. त्यावर उपाय गरम पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि तोही विणायच्या आधी. लालाचा आणि फिरोजीचा भरवसा सगळ्यात कमी. लडीचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा, दहा मिनिटांत पत्ता लागतो.

स्वतः रंगवायचा विचार असेल तर सूत स्वस्त पडतं आणि पातेली वेगळी ठेवावी लागतात. हळदीच्या मोहात पडू नका, उन्हात ती उडते. कोकमाचा रंगही लडीवर टिकत नाही, कितीही सुंदर दिसो. मंजिष्ठा टिकते, पण आधी सुताला हिरड्याचं पाणी आणि तुरटी द्यावी लागते. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर हिरड्यावरचा रंग काळवंडतो. पहिली शाल करणाऱ्याने मात्र रंगवलेलीच लडी विकत घ्यावी. दोन नवी कामं एकदम शिकली की चूक कुठल्या कामात झाली हेच कळत नाही.

त्रिकोण की लांब पट्टा

धाग्याइतकाच हा निर्णय महत्त्वाचा आहे, आणि हातरंगी लडीत तर जास्तच. लडी गोल पसरून टप्प्याटप्प्याने रंगवलेली असते, त्यामुळे तेच रंग ठरावीक अंतराने परत येतात. लांब पट्ट्याची प्रत्येक ओळ सारख्या मापाची. तिला लागणारा धागा आणि रंगांचं अंतर जुळलं की निळ्यावर निळा, हिरव्यावर हिरवा येऊन मधोमध चट्टे उठतात. त्रिकोणात ओळ दर वेळी वाढते, म्हणून चट्टे बसायच्या आत सरकतात. पट्टाच हवा असेल तर दोन लड्या आलटून पालटून दोन-दोन ओळी विणा, नाहीतर मुका खांब आणि साखळी असा बारीक टाका घ्या. सलग खांबांत रंग सगळ्यात जास्त एकवटतात. एकाच रंगाच्या म्हणून आलेल्या दोन लड्या शेजारी ठेवून बघा, हाताचं काम आहे, फरक असणारच. आलटून पालटून विणलं की तोही झाकला जातो.

त्रिकोणाचा फसवा भाग वेगळा. खालची ओळ दर वेळी लांब होत जाते, त्यामुळे शालीची उंची निम्म्यावर येते तेव्हा धागा फक्त पावच संपलेला असतो. निम्मा धागा संपतो तेव्हा उंची सत्तर टक्के झालेली असते आणि पुढचा तीस टक्के भाग उरलेला सगळा धागा गिळतो. शेवटच्या ओळीआधी गुंडा काट्यावर ठेवा, ओळ झाली की परत ठेवा. एका ओळीला किती ग्रॅम लागतात ते कळलं की शिंपल्यांच्या नक्षीच्या कडेला किती उरेल याचा हिशेब लागतो. कडेला दोन ओळींएवढा धागा राखून ठेवते मी, तरी एकदा शेवटचे सात शिंपले दुसऱ्याच निळ्याने पुरे केले आहेत. मागच्या बाजूला येतात, कुणाला सांगत नाही.

रेशमाबद्दल आणि बांबूबद्दल थोडक्यात. हातरंगी रेशमाची चमक दुसऱ्या कशाला नाही, पण धागा सुईवरून निसटतो आणि बांगडीत अडकतो. बांबू म्हणून मिळतो तो व्हिस्कोसच (लगद्यापासून बनवलेला धागा) असतो: गार, मऊ, छान पडणारा, ओला झाला की मात्र कमजोर आणि लांबणारा. सूत-रेशीम मिश्रण मिळालं तर ते सुताच्या रांगेत वरचं समजा.

मग घ्यायचं काय? गोव्यातच वापरायची, एकच शाल, धुण्याची फारशी हौस नाही, तर बारीक सूत, त्रिकोण, 4 मिलिमीटरची सुई. पैशाचाही प्रश्न आहे: मेरिनोच्या एका लडीच्या किमतीत सुताच्या दोन-तीन येतात. पुण्या-बेळगावची रात्रीची बस वरचेवर असेल, थंड सभागृहात बसणं असेल, तर मेरिनो, शक्यतो सुपरवॉश. नव्या हाताला लोकर जास्त माफ करते, सैल-घट्ट टाके ताणून वाळवताना सारखे होतात. सुतात प्रत्येक टाका जसा घातला तसाच कायम दिसतो, आणि धागा फाकला की सुई मध्ये घुसते.

मी मामेबहिणीला सूत घे म्हणून सांगितलं. तिने मेरिनो मागवली, शंभर ग्रॅमच्या दोन लड्या, कारण रंग आवडला. दहा दिवसांनी तिचा फोटो आला. मानेपासून निम्म्या उंचीपर्यंत छान, सारखी जाळी, खाली निळा आणि वर हिरवट. "ताई, अर्धी झाली! आणि पहिली लडीसुद्धा संपली नाही अजून!"

मी "वा!" एवढंच लिहिलं.