सरकारी पैसे: रोख की ऑनलाइन? पाटण खोऱ्यातून पाहताना

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. खात्यात आधी पैसे भरून ठेवले की उतारा पाच मिनिटांत हातात. रोखीच्या काळात याच कागदासाठी वडिलांचा अख्खा दिवस मोडायचा. एसटीनं तालुक्याला जायचं, साहेब जागेवर नसले की उद्या परत यायचं. सुट्टे नाहीत म्हणून वरचे पाच-दहा रुपये तिथंच सोडायचे आणि पावती मागायला संकोच. त्या संकोचाचा मला अजून राग येतो.

ग्रास या सरकारी भरणा ऑनलाइन करायच्या राज्याच्या प्रणालीत प्रत्येक चलनाला जीआरएन हा स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे भरलेला पैसा शोधता येतो. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, मधला हात नाही. माझं मत ऑनलाइनकडेच.

पण कोयनेकाठच्या वाड्यांत रेंज गेली की सगळं अडतं. खुरपून खुरपून आजीच्या बोटांचे ठसे पुसट झालेत, आधारचं मशीन ते घेत नाही. तिच्यासाठी घरपट्टीची रोख खिडकी उघडी राहिलीच पाहिजे, छापील पावतीसकट.