ऑडिट ट्रिगर, आठ महिन्यांनंतर: सगळं झकास, ‘कुणी’चा रकाना सोडून

पोस्टग्रेस डेटाबेसवरची बदलांची नोंद (ऑडिट) जँगोच्या (पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कच्या) सिग्नलमधून, म्हणजे ॲपमधल्या सूचनांमधून, काढून ट्रिगरवर, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस स्वतःच चालवतो त्या फंक्शनवर, टाकली. कारण साधं: क्वेरीसेटवर (जँगोतल्या ओळींच्या संचावर) थेट अपडेट किंवा एकगठ्ठा ओळी घालणारं बल्क-क्रिएट चालवलं की सेव्हनंतरचा पोस्ट-सेव्ह सिग्नल सुटतच नाही. कुणी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनमध्ये) शिरून हातानं दर बदलला, तर ॲपला त्याची गंधवार्ताही नसते. ट्रिगरला असते. जुनी आणि नवी ओळ जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन प्रकार) करून एका टेबलात टाकणारं एकच छोटं फंक्शन सगळ्या टेबलांना पुरतं. इथवर पैकीच्या पैकी गुण.

पण ‘कुणी बदललं?’ पोस्टग्रेसला करंट-युजर विचारला तर कायम ॲपचाच डेटाबेस-रोल (ॲप ज्या खात्यानं डेटाबेसला जोडतं ते) येतो, म्हणजे उत्तर शून्य. मग ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटाच्या) सुरुवातीला सेट-कॉन्फिगनं युजर आयडी ठेवायचा आणि ट्रिगरमध्ये करंट-सेटिंगनं वाचायचा. सेट-कॉन्फिगचा तिसरा आर्ग्युमेंट ट्रू, म्हणजे सेटिंग फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरती, हवाच. फॉल्स असेल आणि मध्ये पीजीबाउन्सर (तीच कनेक्शन अनेकांना वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर एकाचा आयडी कनेक्शनला चिकटून राहतो आणि पुढच्याचं काम त्याच्या नावावर चढतं. रिकामा रकाना परवडला, खोटं नाव नाही.

ट्रू दिलं तरी सुटका नाही. ट्रान्झॅक्शन संपल्यावर त्याच कनेक्शनवर ती सेटिंग नल (‘किंमतच नाही’) होत नाही, रिकामी स्ट्रिंग होते. तिला बिगइंटमध्ये (मोठ्या पूर्णांकात) बदलायला गेलं की एरर, आणि ट्रिगरमधली एरर मूळ ट्रान्झॅक्शनही घेऊन बुडते. नोंदवहीपायी ऑर्डरच सेव्ह होत नाही! ताज्या कनेक्शनवर (करंट-सेटिंगचा दुसरा आर्ग्युमेंट ट्रू असेल तर) नलच मिळतो, म्हणून टेस्टमध्ये हे दिसत नाही. रिकाम्या स्ट्रिंगचा नल करणाऱ्या नल-इफमध्ये गुंडाळा, एका ओळीचं काम. शिवाय जँगोत ॲटॉमिक ब्लॉक (अनेक क्वेरी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणारा) नसेल तर प्रत्येक क्वेरी हे वेगळं ट्रान्झॅक्शन, त्यामुळे ठेवलेला आयडी पुढच्याच क्वेरीला गायब.

दुसरं रडगाणं डिस्कचं. काहीच न बदलता सेव्ह दाबलं तरी दोन पूर्ण ओळी लिहिल्या जातात. ट्रिगर कधी चालावा हे ठरवणाऱ्या व्हेन अटीत जुनी-नवी ओळ ताडून पाहिली, तर ऑटो-नाऊवाला (दर सेव्हला आपोआप आत्ताची वेळ घेणारा) अपडेटेड-ॲट रकाना दर वेळी वेगळाच. तो रकाना जेसनबीतून वजा करून मगच ताडा. इन्सर्टला ‘ओल्ड’ (जुनी ओळ) नसतो, तेव्हा ही अट घालायला अपडेटचा ट्रिगर वेगळा करावा लागतो. ऑडिट टेबल महिनावार पार्टिशन करा, म्हणजे दर महिन्याचा वेगळा तुकडा. जुना महिना ड्रॉप केला की जागा लगेच मोकळी होते. डिलीट केलं तर व्हॅक्यूमची (पोस्टग्रेसच्या साफसफाईची) वाट बघत बसा.

ॲपमधला नोंदीचा कोड पार उखडून टाकावा, हे सुरुवातीचं मत आता बदललंय. दर का उतरवला, कुणाच्या मंजुरीनं, हे ट्रिगरला कधीच कळणार नाही. तेवढं ॲपनंच लिहावं, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये.

आणि ट्रंकेट, म्हणजे अख्खं टेबल एका फटक्यात रिकामं करणारी कमांड! तो रो-ट्रिगरला (ओळीमागे एकदा चालणाऱ्या) जुमानत नाही. त्याला स्टेटमेंट पातळीचा वेगळा ट्रिगर लागतो, आणि त्यातही पुसलेल्या ओळी आपोआप मिळत नाहीत. ॲपच्या रोलकडून ट्रंकेटचा हक्कच काढून घेतलाय.