उद्योजकतेच्या पेपरला नेमकं शिकवायचं काय? प्रोजेक्ट रिपोर्ट, गिऱ्हाईक-भेटी की खरीखुरी विक्री

नवीन शैक्षणिक धोरणानंतर बऱ्याच कॉलेजांत उद्योजकतेचा 2 क्रेडिटचा पेपर आलाय आणि तो बहुतेक वेळा कॉमर्सवाल्यांकडे येतो, तसा माझ्याकडेही आला. तीन वर्षांत मी तो तीन वेगवेगळ्या पद्धतीने शिकवून बघितलाय. 2 क्रेडिट म्हणजे थिअरी धरली तर 30 तास, प्रॅक्टिकल धरलं तर 60, त्यात सगळं मावत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. तुमच्याकडे सिलॅबस ठरायचा असेल तर काय ठेवायचं ते बघा.

पहिला मार्ग म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट. शिकवायला सोपा, तपासायला त्याहून सोपा, आणि अगदीच निरुपयोगी नाही, कारण उद्या पोरगा पीएमईजीपीला, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीच्या कर्ज-अनुदान योजनेला, अर्ज करणार असेल (उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा) तर बँक पहिल्यांदा रिपोर्टच मागते. पण वर्गात होतं काय, तर विक्रीचे आकडे पोरं मनानेच लिहितात. माझ्या एका ग्रुपने द्रोण-पत्रावळीच्या युनिटची विक्री पाच वर्षं दरसाल 20 टक्क्यांनी वाढवत नेली होती, स्पायरल बाइंडिंग, रंगीत ग्राफ, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, तुमच्या गावात लग्नाला द्रोण कोण आणतं, आचारी का घरचे? चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. चूक त्यांची नव्हती, मी त्यांना वर्गाबाहेर पाठवलंच नव्हतं.

दुसरा मार्ग गिऱ्हाईकाला आधी भेटायचा. अमेरिकेतले उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी 2011 साली स्टॅनफर्डमध्ये हा कोर्स सुरू केला, टीमने दर आठवड्याला दहाएक लोकांना भेटायचं, ऐकायचं आणि आपली कल्पना बदलत न्यायची. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने हीच पद्धत शास्त्रज्ञांसाठी उचलली. आपल्याकडे ही जशीच्या तशी चालत नाही, कारण 'आम्ही हे काढलं तर घ्याल का?' असं विचारलं की आपली माणसं तोंडावर नाही म्हणतच नाहीत, 'घेऊ की बाळा' म्हणतात, चहा पाजतात, आणि पोरं खूश होऊन परत येतात. म्हणून मी प्रश्नच बदलून दिले: मागच्या वेळी कुठून आणलं, किती दिले, काय पटलं नाही. इथे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट नक्की सांगा. नांगर चांगला होता पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला तो खपेना. ही अडचण कुठल्याच रिपोर्टात दिसली नसती, ती शेतकऱ्याशी बोलूनच कळते.

आणखी एक विचार आहे, उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचा. त्यांनी 27 अनुभवी उद्योजकांना एक धंद्याचा प्रश्न सोडवायला देऊन त्यांचा विचार कसा चालतो ते नोंदवलं. ही माणसं बाजाराचा अंदाज बांधत बसत नाहीत, आपल्या हाताशी काय आहे, ओळखीचं कोण आहे आणि किती बुडले तरी घर चालेल, इथून सुरुवात करतात. ज्या पोरीच्या घरी दोन म्हशी आणि एक शिलाई मशीन आहे तिला हे दोन तासांत कळतं, तासन् तास लागत नाहीत.

यशस्वी उद्योजकांची भाषणं? एखादं ठेवा, जास्त नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांनी 1964 साली आंध्रातल्या काकीनाड्यात जे प्रेरणा प्रशिक्षण केलं तेही नुसत्या भाषणांचं नव्हतं, त्यात खेळ होते, सराव होता. एका खेळात खुंटीवर रिंग किती लांबून टाकायची हे ज्याने त्याने ठरवायचं, त्यातून कोण किती जोखीम घेतं ते त्याचं त्यालाच दिसतं.

आता तिसरा मार्ग, खरी विक्री. अमेरिकेत बॅबसन कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज भांडवल उसनं द्यायचं, मुलं धंदा चालवायची आणि वर्षाअखेरी तो गुंडाळून नफा दान करायची. आमच्याकडे तेवढे पैसे कुठले, म्हणून आम्ही मुलांच्याच वर्गणीतून केलं. एका ग्रुपने शेंगदाणा-खजुराचे लाडू केले, पाकिटाला खर्च 62 रुपये, विक्री 90. चाळीस पाकिटं गेली, नफा 1120 रुपये, फळ्यावर आकडा लिहिला, टाळ्या. मग मी पैशांचा डबा उघडायला लावला. पंचवीस पाकिटांचे 2250 रुपये रोख होते, पंधरा पाकिटं दुकानदाराने उधारीवर नेलेली, आणि पुढच्या चाळीस पाकिटांच्या मालाला लागणार होते 2480. नफा झालाय आणि शेंगदाणे आणायला 230 रुपये कमी पडतायत! ग्रुपचा हिशेब ठेवणारी मुलगी वही हातात धरून दोन मिनिटं गप्प उभी राहिली. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असा कायदा का करावा लागला ते मी त्याच तासाला सांगितलं, आणि पहिल्यांदाच कुणी मोबाईल बघत नव्हतं.

यात त्रास आहेच. खाण्याचं विकायचं तर अन्न नोंदणीचं आधी बघावं लागतं, प्राचार्यांची परवानगी, पालकांचे फोन, आणि ऐंशी मुलांचा वर्ग असेल तर एकट्या शिक्षकाला झेपत नाही, मग दहा-बाराच ग्रुप करा.

माझं मत विचाराल तर पेपर प्रॅक्टिकलमध्ये बसवून घ्या आणि 60 पैकी निम्मे तास विक्रीला द्या, पंधरा तास गिऱ्हाईक-भेटींना, आठेक तास हिशेब-उधारी-नोंदणीला, आणि रिपोर्ट सगळ्यात शेवटी, मुलांनी स्वतः विकून मिळवलेल्या आकड्यांवर. फक्त 30 तासच मिळत असतील तर रिपोर्ट सोडा, तो एखादा सीएसुद्धा करून देईल, विक्री सोडू नका. बीटेकची संशोधनातली मुलं असतील तर मात्र भेटींवर जास्त भर द्या, त्यांना एका सेमिस्टरमध्ये विकण्यासारखं काही हातात येत नाही.

आणि मार्क नफ्यावर देऊ नका. यंदा एका ग्रुपला 340 रुपये तोटा झाला, पण त्यांची रोजवही रुपयाला रुपया जुळत होती आणि तोटा कुठे झाला ते तारखेसकट लिहिलेलं होतं, त्यांना मी सगळ्यात जास्त मार्क दिले.