बॅलार्ड इस्टेटची फेरी : दगड दिसले, माणसं राहून गेली

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, डॉक लेबर बोर्डाचे, म्हणजे गोदी कामगारांची नोंदणी करून काम देणाऱ्या मंडळाचे, कामगार. बोटीच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळातल्या भागात, उतरून पोती, गाठी, पेट्या काढायचं काम. म्हणून भाचीने ‘मुंबई बंदराची वारसा फेरी’ असं काहीतरी बुक केलं तेव्हा मीच उड्या मारत गेले. माणशी सहाशे रुपये, रविवारी सकाळी सात, जमायचं गोदीलगतच्या बॅलार्ड इस्टेटला. आयोजकांचं नाव लिहीत नाही, पोरगं मेहनती होतं.

आधी चांगलं. गाईडची तयारी पक्की. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आत्ताचं इंदिरा डॉक, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर हा सगळा इस्टेट उभा आहे आणि इमारतींचा तोंडवळा एकसारखा राहावा याची काळजी वास्तुविशारद जॉर्ज विटेटने घेतली, हे त्याने रस्त्याच्या मधोमध उभं राहून इतकं छान दाखवलं की पंचवीस वर्षं इथून ये-जा करून मी कधी मान वर केली नव्हती याची लाज वाटली. कापसाची गोष्टही मस्त रंगवली. अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत पैशांचा पाऊस पडला, जो तो शेअर घेत सुटला आणि 1865 ला युद्ध थांबताच सगळं कोसळलं. त्या सट्ट्यातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचं नाव आलं. ससून डॉक आलं, बंदराचा कारभार पाहणारा 1873 चा पोर्ट ट्रस्ट आला.

माणूस मात्र एकही आला नाही. म्हणजे सर आले, लॉर्ड आले, पण बोटीतून माल बाहेर काढला कोणी? पी. डिमेलो रोडवर दहा मिनिटं उभे होतो, खाली सावली होती म्हणून. डिमेलो कोण, यावर एक शब्द नाही. गोदी कामगारांचा पुढारी हो! त्याआधी टोळीवाल्याच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर रोज सकाळी काम मिळायचं किंवा नाही मिळायचं. गोदी कामगारांच्या 1948 च्या कायद्यानंतर नोंदणी, हजेरी, बोर्ड हे सगळं आलं. आमच्या घरी पगाराचा दिवस ठरलेला होता, तो त्यामुळे.

1944 चा स्फोट त्याने नीट सांगितला. 14 एप्रिल, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र, वर सोन्याच्या विटा. अग्निशमन दलाची 66 माणसं गेली. तेव्हा सगळे गप्प होते.

एक चूक मात्र तिथेच सुधारावी लागली. “हे बंदर आता बंदच आहे,” म्हणाला. अरे, कंटेनर 1989 पासून समोर न्हावा-शेव्याला जायला लागले आणि प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या गोद्या भरून टाकल्या, हे खरं. पण याच बंदरातल्या जवाहर द्वीपावर तेलाची जहाजं आजही लागतात. त्याने ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. एवढ्यासाठी एक तारा जास्त.

तक्रारी किरकोळ : चोवीस जणांत माईक नाही, ट्रक आला की वाक्य गेलं. आत गोदीत जाता येत नाही, सुरक्षेचा भाग आहे, पण जाहिरातीत ‘बंदर पाहा’ लिहू नका. गोदीच्या ग्रीन गेटबाहेरून क्रेनचा माथा दिसतो, बस्स. चहाही नाही.

पाचातले साडेतीन.

शेवटी मी त्याला दादांच्या आकड्याबद्दल सांगितलं. पोत्यात रुतवून ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी मूठ तळव्याने घासून काळी, गुळगुळीत झालेली, एका बाजूने थोडी चेपलेली, कारण दादा डावखुरे. आमच्याकडे अजून आहे, स्वयंपाकघरात खिळ्याला. त्याला पाहायचा होता. नंबर घेतलाय त्याने. अजून फोन आलेला नाही.